यमाईपुढं काय मागू

गेल्या आठवड्यात एका रात्री साडेआठला थोरल्याचा, माझ्या फौजेतल्या पोराचा, फोन आला. रेंज येत-जात होती, दोन-अडीच मिनिटं बोलला असेल, जेवलीस का, पप्पांचा गुडघा कसाय, धाकटीचा अभ्यास होतोय का, आणि मग एकदम म्हणाला, "आई, पौषात औंधला जाणारेस ना, मग यमाईची माझ्या नावानं ओटी भर आणि सांग, पंचवीस टक्क्यांत नाव येऊ दे." मी म्हणलं बरं, सांगते. फोन कट झाला. मशीनवर एका बाईचा ब्लाउज होता, सकाळी लवकर द्यायचा होता, एक बाही जोडून झालेली आणि दुसरी मांडीवर, आणि मी तशीच बसून राहिले. पायडलवर पाय होता पण पाय हलंना. पोराला हो म्हणून बसले खरी, पण हे मागणं माझ्या तोंडातून निघेल का तेच मला कळंना.

ज्यांच्या घरात कुणी अग्निवीर नाही त्यांना हे पंचवीस टक्के काय ते सांगते. २०२२ च्या जूनमध्ये सरकारनं अग्निपथ योजना आणली, त्यात पोरं चार वर्षांसाठी सैन्यात भरती होतात, त्यांनाच अग्निवीर म्हणतात, आणि चार वर्षं झाली की त्या बॅचमधल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्के पोरांना पुढं कायम ठेवतात. ती पुढं कमीत कमी पंधरा वर्षं नोकरी करणार, पेन्शन वगैरे सगळं त्यांना. बाकीची पंच्याहत्तर टक्के सेवा निधीचे पैसे घेऊन घरी, ते व्याज धरून साधारण ११ लाख ७१ हजार होतात. पगार पहिल्या वर्षी ३० हजार, त्यातले ९ हजार त्या निधीला कापून हातात २१ हजार. आमचे हे कारखान्यात आहेत, आकडेमोडीत पक्के, त्यांनी हे सगळं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून ठेवलंय. आणि गावात जो तो भेटला की एकच विचारतो, "चार वर्षं झाल्यावर काय?" ह्यांना त्या प्रश्नाचा फार राग येतो, कारण रात्री पडल्यावर ते स्वतःपण तोच विचार करत असतात.

मी मात्र आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही ते इथं लिहिते. मला ह्या योजनेतलं चार वर्षं एवढंच आवडलेलं. सगळे ज्याला नावं ठेवतात त्याच आकड्याला धरून मी पोराला जाऊ दिलं. चार वर्षं काय, बघता बघता निघून जातील, तेविसाव्या वर्षी माझं पोर परत माझ्या दारात, असं मनाशी धरून मी त्याची बॅग भरली.

मुळात हे वेड त्याच्या डोक्यात शिरलं ते २०१५ ला. आमच्या साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक काश्मीरात कुपवाड्याला शहीद झाले तेव्हा, नोव्हेंबर महिना होता. पोगरवाडीला अंत्यसंस्कार होते, माणसांचा समुद्र नुसता, आम्हीपण गेलो होतो, थोरला दहा वर्षांचा, ह्यांच्या खांद्यावर बसून बघत होता. परत येताना गाडीवर एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर म्हणाला, मला वर्दी शिवून दे. मी वीसेक वर्षं शिवणकाम करते, म्हणलं लहान आहे, शिवू, आणि २६ जानेवारीला शाळेत घालायला खरंच शिवली, साताऱ्यातून कापड आणलं, खांद्याला पट्ट्या, दोन खिसे, फ्लॅप, सगळं. पोर वाढीचं म्हणून बाजूच्या शिवणीत आणि पँटच्या पायाला दोन-दोन इंच माया ठेवली. शिवणकाम न करणाऱ्यांना सांगते, आम्ही शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतो त्याला माया म्हणतात. ती वर्दी त्यानं तीन वर्षं घातली, दर वर्षी मी उसवायची आणि थोडी माया सोडायची. चौथ्या वर्षी माया संपली, तरी तो घालायला बघत होता.

त्याच महाडिक साहेबांच्या पत्नी स्वाती महाडिक, त्यांनी दोन लहान लेकरं पदरात असताना परीक्षा दिली, चेन्नईला ट्रेनिंग केलं आणि २०१७ ला सैन्यात ऑफिसर झाल्या. तो फोटो पेपरात आला तेव्हा थोरल्यानं कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मला त्या बाईसमोर आजही हात जोडावेसे वाटतात, आणि खरं सांगायचं तर तो फोटो बघितला की भीतीपण वाटायची. एवढं काळीज मला नाही हे माझं मला माहीत होतं.

तसं आमच्या भागात मिलिटरी काही नवी नाही. माझ्या माहेराहून जवळच अपशिंगे, त्याला मिलिटरी अपशिंगेच म्हणतात, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले, इंग्रजांनी त्यांच्यासाठी स्मारक उभारलं. माझे एक चुलते १९८७ ला शांतिसेनेबरोबर श्रीलंकेला गेले होते. मी पाच-सहा वर्षांची होते, चुलती ओट्यावर बसून माझ्या आत्तेभावाकडून पत्र लिहून घ्यायची, ते मला चांगलं आठवतंय, आणि पत्त्यात शेवटी ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल. मी विचारायची की हे कुठलं गाव, तर ती म्हणायची, ते गाव नसतं बाळ, आपण लिहायचं, पोचवणारे पोचवतात. पत्ता आहे पण गाव नाही, ते काही केल्या माझ्या डोक्यात शिरायचं नाही. आज माझ्याकडं पण तसलाच पत्ता आहे. थोरला कुठं आहे ते मी इथं लिहिणार नाही, त्यानं बजावून ठेवलंय, आई फोटो टाकू नको, जागेचं नाव टाकू नको. वर आहे, थंडी आहे, एवढंच.

बारावी झाल्यावर एका अकॅडमीत घातला. पहाटे चारला उठून पळायचं, सोळाशे मीटर. तेव्हा नियम असा होता, साडेपाच मिनिटांच्या आत आला तर पूर्ण साठ मार्क, पाच पंचेचाळीसपर्यंत आला तर कमी मार्क, त्याच्या वर गेला की बाहेर. दहा पुलअपला चाळीस मार्क. छाती सत्त्याहत्तर सेंटीमीटर आणि फुगवून पाच जास्त. ही छाती मोजायचं काम माझ्याकडं. दर रविवारी आंघोळ करून माझ्यापुढं उभा राहायचा. माझ्या टेपला एका बाजूनं इंच आणि दुसऱ्या बाजूनं सेंटीमीटर, एवढ्या वर्षांत मी कधी सेंटीमीटरची बाजू बघितलीच नव्हती, कुणाचंही माप असो इंचातच घ्यायची सवय. पोरासाठी टेप उलटी धरायला शिकले. तो श्वास ओढून धरायचा आणि मी आकडा वाचायची, एक्याऐंशी, मग परत, साडेएक्याऐंशी, तोंड लाल व्हायचं त्याचं, मानेच्या शिरा फुगायच्या. ज्या रविवारी पहिल्यांदा ब्याऐंशी भरली त्या दिवशी त्यानं मला उचलून गरकन फिरवलं. मी हसत होते, आणि हातात टेप घट्ट धरलेली.

२०२३ ला पहिल्यांदा लेखी निघाली पण ग्राउंडला बाद झाला. भरतीचं ग्राउंड रात्रीचं असतं, पोरं रात्री बारा-एकपासून लाईनीत, आईबाप गेटाबाहेर रस्त्याच्या कडेला पथाऱ्या टाकून. पहाटे थोरला बाहेर आला तो ओळखूच येईना, केसात माती, पायात बूट नाहीत, बूट हातात. पाच सेकंदानं राहिलो म्हणाला. हे त्याला जवळ घेऊन काहीबाही बोलत होते, पुढच्या वेळी होईल म्हणून, मीपण पाठीवरून हात फिरवला. आणि त्या रात्री घरी आल्यावर मला इतकी गाढ झोप लागली की सकाळी दूधवाल्यानं हाका मारल्या तेव्हा जाग आली. माझं पोर शेजारच्या खोलीत उशीत तोंड खुपसून रडत होतं आणि मी निवांत झोपले होते. हे माझ्या मनाला अजून लागतं.

त्याच ऑक्टोबरात बातमी आली, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अक्षय गवते, अग्निवीर, सियाचीनला ड्युटीवर असताना गेला. कामगिरीवर असताना गेलेला पहिला अग्निवीर असं टीव्हीवर सांगत होते. मी थोरल्याला हाक मारली, म्हणलं ये, बघ. माझ्या मनात काय होतं ते त्याला बरोबर कळलं. त्यानं उभ्याउभ्या पूर्ण बातमी बघितली, त्या पोराचा फोटो दाखवला तेव्हा दोन्ही हात जोडले, आणि बूट घालून पळायला गेला. संध्याकाळचे सात वाजले होते, बाहेर अंधार. त्या दिवसापासून मी त्याला अडवायचा विचार सोडला.

दुसऱ्या वर्षी ग्राउंड निघालं, मेडिकल निघालं, कागदपत्रांची पळापळ झाली, सरपंचाचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला, पोलीस पाटलाची सही. नाव लागलं. मराठा लाइट इन्फंट्री, सेंटर बेळगाव. गावानं फ्लेक्स लावला, हलगी लावली, गुलाल. आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, ऐंशीच्या घरातल्या, काठी टेकत वेशीपर्यंत आल्या आणि त्याच्या कपाळावर भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मला सगळे म्हणत होते, वाघिणीचं दूध पाजलंस गं. मी मान हलवत होते. मला तेव्हा फक्त एवढंच दिसत होतं की त्याच्या शर्टाचं वरून दुसरं बटण सैल झालंय आणि माझ्याकडं सुई-दोरा नाही. मी दिवसाला दहा जणींची बटणं लावून देते, आणि माझ्या पोराला सैल बटणानं वाटेला लावलं.

पहिले दोन-तीन महिने कसे काढले माझं मला माहीत. फोन रविवारीच, तोपण थोडा वेळ, पोरं लाईनीत उभी असायची, मागून आवाज यायचे. त्यानं एकदाही तक्रार केली नाही, फक्त एका रविवारी म्हणाला, "आई, इथं बटण मीच लावतो, तू शिकवायला पाहिजे होतंस." मी व्हिडिओ कॉल नसताना फोनवर त्याला सांगितलं, चार भोकांत दोरा कसा फिरवायचा, खाली तीन वेढे देऊन गाठ कशी मारायची. लाईनीतला मागचा पोरगापण ऐकत होता म्हणे.

मग २०२५ चा एप्रिल आला. पहलगामला ती माणसं मारली, आपल्या महाराष्ट्रातले सहा जण होते त्यात. ७ मेला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं, त्याच दिवशी देशभर मॉक ड्रिल झालं, सायरनचा आवाज टीव्हीवरून आमच्या स्वयंपाकघरात येत होता. थोरला बेळगावातच होता, ट्रेनिंग संपायला महिना राहिलेला, त्याला काही धोका नव्हता हे मला पक्कं माहीत होतं. पण तोपर्यंत मी त्याला बघायला मिळावं म्हणून एकेक आठवडा मोजून ढकलत होते, आणि त्या रात्रीपासून वाटायला लागलं की आता हे आठवडे संपूच नयेत. ९ मेला मुरली नाईक गेला, एलओसीवर, पाकिस्तानच्या गोळीबारात. तोपण अग्निवीर. आंध्रचा पोरगा, पण त्याचे आईवडील आपल्या मुंबईत घाटकोपरला मोलमजुरी करून राहिले होते, एकुलता एक होता. त्याच्या आईला टीव्हीवर दाखवलं तेव्हा मी टीव्ही बंद केला. हे काही बोलले नाहीत, उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले आणि जेवायला आत आलेच नाहीत. कॅलेंडरच्या मागं त्यांनी लिहिलेल्या हिशोबात खाली एक ओळ आहे, विमा ४८ लाख. ती ओळ लिहिताना त्यांचा हात कसा चालला असेल असं मला नेहमी वाटतं. कागदावर असतं ते लिहायला लागतं, मला कळतं. तरी मी ते कॅलेंडर फिरवून देवीचा फोटो पुढं केलाय.

जूनच्या सुरुवातीला कसम परेडला गेलो, ट्रेनिंग संपल्यावर पोरं शपथ घेतात ती. एसटीनं कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर, सगळीकडं पाऊस. मैदानावर शेकडो पोरं, एकसारखे कपडे, एकसारखे केस, एका वेळी पाय पडायचा तर खालची जमीन हलल्यासारखी वाटायची. मला वाटलेलं, मी माझ्या पोराला लांबून ओळखीन, कारण त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली, लहानपणापासून दप्तर एकाच खांद्याला अडकवायचा, मी त्याचा प्रत्येक शर्ट त्या बाजूनं थोडा उतरता कापायची म्हणजे कॉलर सरळ बसते. मी सगळ्या लाईनी खांदे बघत फिरवल्या. एकाचाही खांदा खाली नव्हता. एकोणीस वर्षं मी ज्याच्या मापाचं कापड कापलं त्याला मी ओळखू शकले नाही. मग सगळ्यांनी एकदम "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" म्हणलं, तो आवाज मी कधी विसरणार नाही, अंगावर काटा आला, शेजारची अनोळखी बाई माझा हात धरून रडत होती आणि मीपण तिचा हात सोडला नाही. परेड सुटल्यावर तोच आला शोधत. पाया पडला, उठला, आणि मी पहिला हात त्याच्या खांद्याला लावला. सरळ झालेला. दोन्ही खांदे एका रेषेत. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू, छाती भरून आली, ह्यांच्या डोळ्यात मी लग्नानंतर पहिल्यांदा पाणी बघितलं. आणि त्याच वेळी आतून काहीतरी तुटलं, की आता ह्याचं माप माझ्याकडं राहिलं नाही.

त्याच दिवशी बेळगावात एका हॉटेलात जेवताना त्यानं सांगितलं, आई मला चार वर्षांनी परत नाही यायचं, मला राहायचंय. पहिल्या दिवसापासून सगळ्याचे मार्क धरतात, फायरिंग, फिजिकल, वागणूक, मी त्यात येणार. डोळे असे चमकत होते बोलताना, मी घास तसाच हातात धरून ऐकत होते. चार आणि पंधरा एकोणीस, म्हणजे तो अडतीस वर्षांचा होणार. माझं जे चार वर्षांचं गणित होतं ते त्या ताटावरच मोडलं.

तर मी परवा औंधला गेले. एकटीच गेले, ह्यांना सुट्टी नव्हती. मूळपीठाच्या, म्हणजे डोंगरावरच्या यमाईच्या देवळाच्या, पायऱ्या चढताना दर दहा पायऱ्यांनी थांबत होते आणि मनात दोन्ही मागण्या म्हणून बघत होते. आई, त्याला ठेवून घे म्हणावं, तर उद्या सीमेवर काही झालं तर मीच मागून घेतलं असं होईल, मग मी कुणाला तोंड दाखवू. त्याला परत पाठव म्हणावं, तर ज्याच्यासाठी त्यानं पायाची सालटं काढून घेतली ते मी त्याच्या पाठीमागं हिरावून घेतल्यासारखं, आणि त्यानं मला हे मागायला सांगितलंच नव्हतं. देवी काय, लगेच ऐकते असं नाही, पण आईचं मागणं वाया जात नाही म्हणतात, त्याचीच भीती जास्त. वर गर्दी होती. ओटी पुढं केली, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. पुजाऱ्यांनी विचारलं, कुणाच्या नावानं? मी थोरल्याचं नाव सांगितलं. पुजारी म्हणाले, काय मागणं? माझ्या मागं लाईन खोळंबलेली, एक बाई कडेवर लेकरू घेऊन पुढं सरकत होती. मी म्हणलं, एवढंच, नाव घ्या फक्त. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि नाव घेतलं.

रात्री त्याचा मेसेज, सांगितलंस का. मी लिहिलं, ओटी भरली. ते खोटं नाही पण पूर्ण खरंपण नाही, आणि माझ्या पोराशी मी पहिल्यांदा असं अर्धं बोलले. तो सुट्टीवर आला की त्याला समोर बसवून सांगणार आहे, की बाबा, तुझ्यासाठी जे मागायचं ते माझ्याच्यानं मागवलं नाही, तुझं तू माग, मी तुझ्या मागं उभी राहीन. त्याला वाईट वाटेल कदाचित. पण सांगणार.

फेब्रुवारीत येतोय. शर्टाचं कापड आणून ठेवलंय, फिकट निळं. त्याला फोनवर छातीचं माप विचारलं तर म्हणाला, "आई, टेप कुठली इथं, तूच अंदाजानं काप." अंदाज कसला करायचा, बारीक झालाय का भरलाय तेच माहीत नाही. शेवटी अडतीस धरलं, काल कापला, खांदे ह्या वेळी दोन्ही सारखे कापले. कडेच्या शिवणीला नेहमी एक इंच माया ठेवते, ह्याला दोन ठेवली. बाह्या लावून झाल्यात, काज-बटणं तो आल्यावर करीन.